निकालपत्र आपणही वाचायचे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'सर्वोच्च न्यायालय आणि घटनात्मक हक्क' असा विषय छापला आहे. तो वाचून काल दोघी-तिघी मला म्हणाल्या, "ताई, हे वकिलांचे काम. आमचा फौजदार बाईची फिर्यादच लिहून घेत नाही, त्याचे काय करायचे ते सांगा." मी आज त्याविषयीच बोलणार आहे. तालुक्याच्या पोलीस ठाण्यातून दिल्लीच्या न्यायालयाकडे एक रस्ता जातो आणि तोच रस्ता परत आपल्या दारापर्यंत येतो. घटनेच्या कलम १४१ प्रमाणे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा देशातल्या सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतो. म्हणजे दिल्लीत कुणी न्यायमूर्ती एखादे वाक्य लिहितात आणि दहा वर्षांनी ते वाक्य आपल्या गावातल्या एका मुलीला उलटतपासणीत प्रश्न होऊन विचारले जाते. ते वाक्य काय आहे, हे आपल्याला माहीत नको का?

मी एकाच निकालाविषयी आणि त्यावर लिहिलेल्या एकाच पत्राविषयी बोलणार आहे. तुमच्यातल्या जुन्या मैत्रिणींना ते पाठ आहे. नव्या मुलींनी बहुधा नुसते नाव ऐकले असेल.

त्या प्रकरणाला आपण सगळ्या जणी त्या मुलीच्या पहिल्या नावाने ओळखतो. मोर्चात आपण ते नाव घेतले, पत्रकांवर छापले. आज मी ते घेणार नाही. बलात्कार झालेल्या स्त्रीची ओळख छापू नये हा कायदा १९८३ साली झाला, आणि तो तिच्याच प्रकरणातून उठलेल्या चळवळीमुळे झाला. तिला मात्र त्याचा आडोसा मिळाला नाही. न्यायालयाच्या दप्तरी या खटल्याचे नाव आहे 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य'. तुकाराम हे आरोपी जमादाराचे नाव. आपणही आज त्याच नावाने ओळखू.

घटना आपल्याच राज्यातली. २६ मार्च १९७२. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातले देसाईगंज, जे आज गडचिरोली जिल्ह्यात आहे. मुलगी आदिवासी, आईवडील नसलेली, भावाजवळ राहणारी, मोलमजुरी करणारी. डॉक्टरांच्या अंदाजाने वय चौदा ते सोळा. एका मुलाशी तिचे मन जुळले होते, लग्नाचे ठरले होते. भावाला ते पसंत नव्हते. त्याने पोलीस ठाण्यात तक्रार दिली की तिला पळवून नेले आहे. तेवढ्यावरून सगळ्यांना रात्री ठाण्यात आणले, जबान्या झाल्या. साडेदहाच्या सुमारास बाकीच्यांना जायला सांगितले आणि तिला मागे ठेवले. दारे लावली, दिवे बंद केले. शिपायाने बलात्कार केला आणि जमादाराने अंगाशी चाळे केले, अशी तिची फिर्याद. बाहेर तिची माणसे उभी होती. लोक जमले, आरडाओरडा झाला, म्हणून फिर्याद तरी लिहिली गेली. ही गोष्ट लक्षात ठेवा. लोक जमले नसते तर हे प्रकरण ठाण्याच्या भिंतीतच राहिले असते.

पुढे तीन न्यायालये झाली.

१ जून १९७४ रोजी चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने दोघांनाही निर्दोष सोडले. मुलगी खोटे बोलते, तिला आधीपासून शरीरसंबंधांची सवय आहे, तेव्हा जे झाले ते तिच्या संमतीने झाले, असा एकूण सूर. १२ ऑक्टोबर १९७६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हा निकाल फिरवला. शिपायाला बलात्कारासाठी पाच वर्षे आणि जमादाराला विनयभंगासाठी एक वर्ष शिक्षा दिली. नागपूरच्या न्यायाधीशांनी साधा व्यवहारी विचार केला. हे दोघे तिला अनोळखी, भाऊ बाहेर उभा, तिच्याच विरुद्धची चौकशी चाललेली. अशा वेळी ती मुलगी आपण होऊन पोलिसाच्या मागे जाईल का? भीतीने गपगार होऊन देह सोडून देणे म्हणजे संमती नव्हे, असे त्यांनी म्हटले.

१५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी दोघांनाही पुन्हा सोडले. कारणे काय? अंगावर जखमेची खूण नाही, म्हणजे झटापट झाली नाही. तिला शिपाई घेऊन चालला तेव्हा ती भावाला हाक मारून सांगू शकली असती, ती ओरडली नाही. ओरडले असे ती म्हणते, ते विश्वासार्ह नाही. आणि भीतीने संमती दिली म्हणायचे तर मृत्यूची किंवा इजेची भीती घातल्याचा पुरावा हवा, तो नाही.

मैत्रिणींनो, इथे मला माझे स्वतःचे एक सांगायचे आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मुलीबरोबर मी पोलीस ठाण्यात गेले होते. गाव सांगत नाही. व्हरांड्यातल्या बाकावर आम्ही तीन तास बसलो. मी शिकलेली, संघटनेची, हातात वही. तरी ठाणे अंमलदाराने नुसते वर पाहिले की माझ्या घशाला कोरड पडायची. आत बोलावण्याआधी मी त्या मुलीला काय विचारले असेल? "तू ओरडली का नाहीस?" हाच प्रश्न. सर्वोच्च न्यायालयाने विचारलेला. मी तो निकाल तेव्हा वाचला नव्हता. पुढे वाचला तेव्हा लाज वाटली, कारण ते वाक्य मला ओळखीचे होते. आपण न्यायाधीशांना नावे ठेवतो, पण तो प्रश्न आपल्याही तोंडात बसलेला असतो. म्हणून निकाल वाचायचा. त्यात आपलाही चेहरा दिसतो.

आता पत्राकडे येऊ.

निकाल लागला आणि कायद्याच्या अहवालात छापला गेला. वर्षभर कुठेही काही झाले नाही. मग बरोबर एक वर्ष आणि एक दिवसाने, १६ सप्टेंबर १९७९ रोजी, कायद्याच्या चार अभ्यासकांनी देशाच्या सरन्यायाधीशांना एक खुले पत्र लिहिले. उपेन्द्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार. लतिकाताई दिल्ली विद्यापीठात कायदा शिकवत. देशातल्या स्त्रियांच्या स्थितीचा जो मोठा अहवाल १९७४ साली आला, त्या समितीवर त्या होत्या. वसुधाताईंनी पुढे १९८५ मध्ये दिल्लीत 'मार्ग' ही संस्था काढली आणि सामान्य माणसाला कायदा समजेल अशा भाषेत पोहोचवण्याचे काम केले. दोघीही आता आपल्यात नाहीत.

या चौघांचा त्या मुलीशी काही संबंध नव्हता. त्यांना कुणी वकीलपत्र दिले नव्हते. निकाल वाचला आणि तो चुकला आहे हे दिसले, एवढाच त्यांचा अधिकार. न्यायालयाच्या शेवटच्या पायरीनंतर अपील नसते, असे आपण म्हणतो. या पत्राने दाखवले की एक अपील उरते, ते लोकांकडे करायचे असते.

पत्रात होते काय? मी माझ्या शब्दांत सांगते. त्यांनी विचारले, चौदा-सोळा वर्षांची, गरीब, निराधार, मजूर मुलगी. तिला आपले हक्क ठाऊक नाहीत, वकील मिळण्याची सोय नाही, आणि आपल्या देशात गरिबाच्या मनात पोलीस ठाण्याची जी धास्ती असते ती तिच्याही मनात आहे. यातल्या एकाही गोष्टीचा विचार निकालात का नाही? दोन पोलिसांच्या तावडीत, बंद ठाण्यात सापडलेल्या मुलीने यशस्वीपणे आरडाओरडा करावा, अशी न्यायालयाची अपेक्षा आहे का? लग्नाआधी तिचे कुणाशी संबंध होते, एवढ्यावरून पोलिसांना परवाना मिळतो का? न्यायमूर्तींनी वेष पालटून एखाद्या ठाण्यात जाऊन पाहावे, असेही त्यांनी सुचवले. आणि हा खटला मोठ्या पीठापुढे पुन्हा ऐकावा, अशी मागणी केली.

पण माझ्या मते पत्राचा गाभा एका साध्या भेदात आहे. संमती आणि शरणागती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संमतीत माणूस स्वतःला स्वाधीन करतो हे खरे, पण स्वाधीन झाला म्हणजे संमती दिली, असे उलटे म्हणता येत नाही. प्रतिकार केला नाही म्हणजे संमती होती, असेही नाही. आपल्या बायांना हे समजावायला कायद्याची पदवी लागत नाही. सावकाराच्या कागदावर अंगठा देणाऱ्या बाईला विचारा, ती सांगेल.

आता कलमच उघडून पाहू. भारतीय दंड संहितेच्या कलम ३७५ मध्ये बलात्काराचे प्रकार एकामागून एक दिले होते. पहिला, तिच्या इच्छेविरुद्ध. दुसरा, तिच्या संमतीशिवाय. तिसरा, मृत्यूची किंवा इजेची भीती घालून संमती मिळवली असेल तर. सर्वोच्च न्यायालयाने भीतीचा पुरावा मागितला तो तिसऱ्या प्रकाराखाली. पण तिसऱ्या प्रकारात मुळात संमती दिलेली असते, ती धाकाने मिळवलेली असते. आपल्या मुलीचे म्हणणे होते की मी संमती दिलीच नाही. म्हणजे ती दुसऱ्या प्रकारात उभी होती आणि तिला तिसऱ्या दारात उभे करून परत पाठवले. हे दिसायला वकील व्हावे लागत नाही. कलम समोर ठेवून सावकाश वाचावे लागते.

यात घटनात्मक हक्क कुठे आले, असे तुम्ही विचाराल. १९७८ हे साल आठवून पाहा. आणीबाणी नुकतीच संपली होती. २५ जानेवारी १९७८ रोजी याच सर्वोच्च न्यायालयाने मनेका गांधी यांच्या पारपत्राच्या खटल्यात सांगितले की घटनेच्या कलम २१ मधले जगण्याचे आणि व्यक्तिस्वातंत्र्याचे हक्क हे नुसते कागदी नाहीत. सरकारने वापरलेली पद्धत न्याय्य, योग्य आणि वाजवी हवी. एप्रिल १९७८ मध्ये नंदिनी सत्पथी यांचा खटला आला. त्या ओरिसाच्या माजी मुख्यमंत्री. त्यांना चौकशीसाठी पोलीस ठाण्यात बोलावले होते. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यावर कडक नापसंती दाखवली. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६० प्रमाणे जबाबासाठी स्त्रीला तिच्या राहत्या जागेवाचून दुसरीकडे यायला भाग पाडता येत नाही, याची आठवण दिली.

आणि सप्टेंबरमध्ये तेच न्यायालय एका आदिवासी मुलीला रात्री ठाण्यात ठेवून घेतल्याबद्दल नापसंतीचा एक शब्दही लिहीत नाही. खुल्या पत्राने नेमके यावर बोट ठेवले. माजी मुख्यमंत्री बाईला जो हक्क आहे तो मजूर मुलीला नाही का? कलम १४ कायद्यापुढे समानता देते ती कुणाला? माझ्या मते त्या निकालातला सर्वात मोठा दोष हाच. पारपत्राच्या खटल्यात घटना दिसली, कारण तो घटनेचा खटला म्हणून आला होता. हा साधा फौजदारी अपील म्हणून आला, आणि घटना न्यायालयाच्या दाराबाहेर राहिली. ठाण्यातला शिपाई म्हणजे शासनच. शासनाच्या ताब्यात असलेल्या मुलीवर शासनाच्या नोकराने केलेला अत्याचार, हा तिच्या जगण्याच्या हक्कावरचा हल्ला आहे, हे वाक्य त्या निकालात नाही. बलात्कार हा कलम २१ च्या हक्काचा भंग आहे असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट शब्दांत म्हटले ते बोधिसत्त्व गौतम प्रकरणात, डिसेंबर १९९५ मध्ये. मध्ये सतरा वर्षे गेली.

एक शंका हमखास येते. न्यायालयाविरुद्ध लिहिले तर अवमान होत नाही का? त्या चौघांवर काही कारवाई झाली नाही. अवमान कायदा १९७१ चा आहे. त्याचे कलम ५ म्हणते की निकाल लागून गेलेल्या खटल्याच्या गुणदोषांवर केलेली रास्त टीका हा अवमान नव्हे. न्यायाधीशाच्या हेतूवर शिंतोडे उडवू नका. निकालातल्या तर्कावर बोट ठेवा. भाषा सभ्य ठेवा आणि मुद्दा सोडू नका. त्या पत्राची भाषा पाहा, सरन्यायाधीशांना आदराने संबोधले आहे आणि एकही प्रश्न सौम्य केलेला नाही.

पुढचा इतिहास तुम्ही जाणता. १९८० च्या सुरुवातीला मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला. ८ मार्चला अनेक शहरांत बायका रस्त्यावर आल्या. खटला पुन्हा उघडा, ही मागणी घेऊन. खटला उघडला नाही. विधी आयोगाने अहवाल दिला आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस, तुरुंग, रुग्णालय अशा ताब्यातल्या बलात्काराला निदान दहा वर्षे शिक्षा आली. पुरावा कायद्यात कलम ११४-अ आले. अशा ताब्यात संबंध झाल्याचे सिद्ध झाले आणि स्त्रीने साक्षीत सांगितले की माझी संमती नव्हती, तर न्यायालयाने ती नव्हती असेच धरून चालायचे. सुनावणी बंद दाराआड होऊ लागली.

म्हणजे जिंकलो का? अर्धेच. त्या मुलीचा निकाल बदलला नाही. तिच्या नावाने चळवळ उभी राहिली, कायदा झाला, आणि तिच्या पदरात दप्तरातले 'निर्दोष' हे दोन पोलिसांविषयीचे शब्द पडले. हे आपण कधी विसरू नये. चळवळीने एखाद्या बाईचे नाव घेतले की तिचे ऋण चळवळीवर राहते.

आणि कायदा बदलला तरी नजर लगेच बदलत नाही. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हरियाणातल्या दोन पोलिसांची शिक्षा दहा वर्षांवरून पाचवर आणली. नवा कायदा लागू होता, दहा वर्षे ही किमान शिक्षा होती. तरी प्रकरणाची विशेष परिस्थिती आणि मुलीची 'वर्तणूक' हे कारण दिले. स्त्री संघटनांनी फेरविचाराची मागणी केली तेव्हा न्यायालयाने खुलासा केला की वर्तणूक म्हणजे चारित्र्य नव्हे, तिने पाच दिवस कुणाला सांगितले नाही एवढेच म्हणायचे होते. म्हणजे 'ओरडली का नाहीस' गेले आणि 'लगेच सांगितले का नाहीस' आले. स्त्रीच्या चारित्र्यावर बोलण्याची मुभा देणारे पुरावा कायद्यातले पोटकलम जायला १९८३ नंतर आणखी सुमारे वीस वर्षे लागली. फ्लेव्हिया अ‍ॅग्नेस यांनी नव्वदीच्या सुरुवातीलाच सावध केले होते की प्रत्येक आंदोलनानंतर शिक्षा वाढते, न्यायालयाची बाईकडे पाहण्याची रीत तीच राहते.

पत्रात मांडलेला भेद कायद्याच्या पानावर यायला २०१३ उजाडावे लागले. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर वर्मा समिती बसली आणि कायद्यात लिहिले गेले की संमती म्हणजे शब्दांनी, खुणेने किंवा वागण्यातून दिलेला निःसंदिग्ध, स्वेच्छेचा होकार. शरीराने प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून होकार धरता येणार नाही. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम ६३ मध्ये हीच व्याख्या आहे. चौतीस वर्षे चार शिक्षकांच्या पत्रातले वाक्य वाट पाहत होते. त्याच कलमात नवऱ्याला दिलेली सूट मात्र तशीच आहे. पत्नी अठराच्या वर असेल तर तिच्या 'नाही'ला हे कलम ओळखत नाही. पुढचे पत्र त्याविषयी लिहायचे आहे.

पत्रांनी दुसरीही वाट उघडली. १९८१ मध्ये बक्षी आणि लतिका सरकार यांनी आग्र्याच्या महिला सुधारगृहातल्या अमानुष स्थितीविषयी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले, आणि न्यायालयाने ते पत्रच कलम ३२ खालची याचिका मानले. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या तुरुंगातल्या स्त्री कैद्यांशी बोलून पत्र लिहिले. पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे काहींनी त्यांना सांगितले होते. त्यावर १९८३ मध्ये न्यायालयाने सांगितले की स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या, स्त्री शिपायांचा पहारा आणि स्त्री पोलिसांच्या समोरच चौकशी हवी. पाच वर्षांपूर्वी ज्या न्यायालयाला ठाण्यातली भीती दिसली नव्हती, त्याला ती दिसू लागली. ती आपोआप दिसली नाही. कुणीतरी वाचले, कुणीतरी लिहिले, आणि रस्त्यावर बायका उभ्या होत्या. यातले एक जरी नसते तरी काम झाले नसते.

आता आपण काय करायचे? मी मोठे काही सुचवत नाही. महिन्यातून एकदा एक निकाल एकत्र बसून वाचूया. अलीकडे सर्वोच्च न्यायालयाच्या अनेक निकालांची मराठी भाषांतरे मिळतात, इंग्रजीची अडचण थोडी कमी झाली आहे. वाचताना तीन प्रश्न विचारायचे. या निकालात बाईविषयी कोणती माहिती आली आणि कोणती वगळली? 'सामान्य बाई अशीच वागते' असे कुठे गृहीत धरले आहे? आणि कलमातले कोणते शब्द न्यायालयाने वाचलेच नाहीत? यांची उत्तरे वहीत लिहायची. निकाल चांगला असेल तर तोही लिहून ठेवायचा, ठाण्यात जाताना उपयोगी पडतो.

आणि ज्या मैत्रिणीने काल फौजदाराचे विचारले, तिच्यासाठी. बलात्काराची फिर्याद लिहून घ्यायला नकार देणाऱ्या पोलिसालाच शिक्षा होऊ शकते. भारतीय न्याय संहितेचे कलम १९९, सहा महिने ते दोन वर्षे सक्तमजुरी. आणि जबाबासाठी बाईला राहत्या जागेवाचून दुसरीकडे या म्हणता येत नाही. ते जुने कलम १६० आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७९ झाले आहे. दोन्ही कलमे कागदावर उतरवून पिशवीत ठेव. फौजदार ऐकेलच असे नाही. पण कागद वाचताना तुझा आवाज कापणार नाही, एवढे मी अनुभवाने सांगते.

आता त्या बाकावर मुलीशेजारी बसते तेव्हा मी काही विचारत नाही. पाणी देते आणि सांगते, "तुला जे आठवेल ते, तुझ्या शब्दांत सांग. मी इथेच आहे."